इस्त्री केलेलं पान

मला राग लवकर येतो. शाळेत तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी वर्गावर आणि निम्मी स्टाफरूमवर चिडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर चिडायला कुणी उरलं नाही. मुलगी बंगळूरला, आणि नवऱ्याला माझी इतकी सवय झालेली की तो पेपरातून मानही वर काढत नाही. त्यामुळे शेजारणीने जेव्हा सांगितलं की नाशिकच्या कडेला अंध मुलींचं एक वसतिगृह आहे आणि तिथे इंग्रजी शिकवायला कुणी टिकत नाही, तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. टिकत नाही म्हणजे काय, मी टिकून दाखवते, असा एकूण थाट होता.

पहिल्या दिवशी वर्गात गेले आणि सवयीने फळ्यावर तारीख लिहिली. मागून एका मुलीने विचारलं, "बाई, काय लिहिलंत?" खडूचा आवाज तिने ऐकला होता. मी गपचूप डस्टर घेतलं आणि तारीख पुसली. मग दुसरीने विचारलं, "आणि आता काय पुसलंत?" सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण ते मी दाखवलं नाही, आणि दाखवलं असतं तरी त्यांना कळणार नव्हतं, हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

ते नीट कळायला मात्र आठवडा गेला. एका मुलीला मी साधा प्रश्न विचारला, तिने अचूक उत्तर दिलं, मी मान डोलावली. ती उभीच राहिली. तिने तेच उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. मी पुन्हा मान डोलावली, या वेळी हसून. तिसऱ्यांदा उत्तर देताना तिचा आवाज रडवेला झाला. बरोबर उत्तर देऊनही बाई गप्प म्हणजे आपलं काहीतरी भयंकर चुकलं, असं तिला वाटत होतं. इतकी वर्षं माझं 'शाबास' माझ्या मानेतच राहत होतं, तोंडात कधी आलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी तोंडाने शाबास म्हणायला शिकले. फार जड गेलं.

पाठ्यपुस्तक तर माझ्या डोक्यात जायचं. 'चित्र पाहा आणि उत्तरे लिहा' हे वाक्य दर चौथ्या पानावर. पुस्तक मिटून मी हाताला लागेल ते शिकवायला लागले. द्राक्षांच्या दिवसांत पिंपळगावहून ओळखीच्या एकांनी पेटी पाठवली, ती उचलून वर्गात आणली. हात पोहोचतो तो घड 'धिस', पोहोचत नाही तो 'दॅट'. पाच मिनिटांत सगळ्या मुलींना समजलं, आणि पंधरा मिनिटांत 'दॅट' एकही शिल्लक राहिला नाही.

मग मी ब्रेल शिकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी बोटं काही ऐकत नाहीत. कागदावर उठलेली टिंबं मला हाताला नुसती खरखर लागायची. म्हणून मी कागद खिडकीशी तिरका धरायचे, उजेडात टिंबांची सावली पडायची आणि ती मी डोळ्यांनी वाचायचे. मुलींनी हे लगेच ओळखलं. मी वही घेऊन खिडकीकडे गेले की कुजबुज व्हायची, "बाई चोरून वाचतायत." मला ते थट्टेतलं वाटायचं. त्यात किती तथ्य होतं हे पुढे कळलं.

माझा खरा राग होता पाठांतरावर. या मुलींना सगळं पाठ असायचं. त्यात त्यांचा दोष नव्हता. ब्रेलमधली पुस्तकं वर्ष अर्धं संपल्यावर यायची, तोवर कुणीतरी वाचून दाखवायचं आणि या ऐकून पाठ करायच्या. धडाच्या धडा घडाघडा म्हणायच्या, पण मधलं एक वाक्य उचलून विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी नियमच केला. जे पाठ आहे ते माझ्या वर्गात म्हणायचं नाही. कागदावर बोट ठेवून वाचायचं, नाहीतर स्वतःच्या मनातलं बोलायचं. कुणी घोकताना सापडली की मी अशी काही बोलायचे की बाकीच्या चिडीचूप.

हा नियम सगळ्यात जास्त मनावर घेतला तो येवल्याच्या मुलीने. तिचे वडील पैठणी विणणारे. घरात दोन हातमाग, आई रेशमाच्या कांड्या भरते, मोठा भाऊ वडिलांबरोबर मागावर बसतो. ही जन्मापासून अंध. लहानपणी मोहल्ल्यात मुलांना कुराण शिकवणाऱ्या आपांकडे नुसतं ऐकून ऐकून तिने कुराणातल्या कितीतरी सुरा पाठ केल्या होत्या आणि घरीदारी तिच्या स्मरणशक्तीचं फार कौतुक होतं. तिला स्वतःला मात्र त्या कौतुकाचा कंटाळा आला होता. मला एकदा म्हणाली, "बाई, पाठ केलेलं म्हटलं की लोक वाहवा करतात. पण ते माझं नसतंच ना." मी चक्क तोंडाने शाबास म्हटलं.

तिची दहावी झाली, निकालही चांगला लागला. पुढे अकरावीला नाशिकातच राहायचं तर वडिलांची संमतीपत्रावर सही हवी होती, आणि वडील तयार नव्हते. एकदा आले होते तेव्हा माझ्याशी बोलले. भला माणूस, आवाज हळू. म्हणाले, "मॅडम, पोरगी लय हुशार हाय, मी नाय म्हणत नाय. पण समदं ऐकून पाठ करती. पेपरबी दुसऱ्याच पोरीनं लिवला. मग हिला स्वतःला काय आलं? पाठ करायचं तर ती घरीबी करल. आईच्या नजरेसमोर तरी राहील."

मला राग आला. परीक्षेत तिने तोंडाने उत्तरं सांगितली होती आणि नववीतल्या एका मुलीने लेखनिक म्हणून ती लिहिली होती, तशी रीतच आहे. सांगितलेलं सगळं तिचं होतं हे मला माहीत होतं. पण त्यांना ते कसं दाखवायचं? मुलगी तर इतकी धास्तावली होती की मे महिन्याच्या सुट्टीतही घरी गेली नाही. एकदा गेले की मला परत पाठवणार नाहीत, असं तिने मला स्पष्ट सांगितलं.

शेवटी मीच तोडगा काढला. तिला म्हटलं, तुझ्या घरावर इंग्रजीत एक पान लिही. कुणी सांगायचं नाही, कुणी दुरुस्त करायचं नाही. वडील पुढच्या रविवारी येतील तेव्हा त्यांच्यासमोर ते बोटांनी वाच. ते थांब म्हणतील तिथे थांब, मधलं वाक्य विचारतील तर ते शोधून वाच. मग तरी पटेल. तिने चार दिवस खपून ते पान लिहिलं. ब्रेलची पाटी म्हणजे छोट्या छोट्या चौकोनांची एक पट्टी असते, तिच्यात कागद अडकवून टोच्याने टिंबं पाडायची. टोचायचं उजवीकडून डावीकडे, मग कागद उलटला की उठलेली टिंबं डावीकडून उजवीकडे वाचता येतात. चूक झाली तर खोडता येत नाही, पुन्हा पान घ्यायचं. तिने सहा पानं फाडली, सातवं मला दिलं.

शनिवारी मी ते घरी वाचायला नेत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाई, उद्या सकाळी मिळेल ना? एकदा हात फिरवीन म्हणते."

"पाठ करायला?" मी म्हटलं. "मुळीच नाही. उद्या सगळं ताजं वाचायचं. तोपर्यंत पान माझ्याकडे."

घरी खिडकीशी धरून मी ते वाचलं, आणि मला भरून आलं. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. नवऱ्यालाही ऐकवली, त्याने चक्क मान वर केली. मनात आलं, हे पान टिकलं पाहिजे. घामाच्या हातांनी कागद मऊ पडतो, एक कोपरा आधीच दुमडला होता. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि पानाला लॅमिनेशन करून घेतलं. माझं बी.एड.चं सर्टिफिकेट मी असंच केलं होतं, ते अजून जसंच्या तसं आहे. यंत्रातून पान गरमागरम, कडक, चकचकीत बाहेर आलं. मी उजेडात धरून पाहिलं. सगळी टिंबं दिसत होती.

रविवारी दुपारी वडील येवल्याच्या एसटीने आले. ऑफिसच्या खोलीत आम्ही तिघंच बसलो. संमतीपत्र टेबलावर, त्यावर माझा पेन. मी पिशवीतून पान काढलं आणि मोठ्या ऐटीत मुलीच्या हातात दिलं. "वाच," म्हटलं. तिने दोन्ही हातांनी पान चाचपलं, कडा शोधल्या, बोट पहिल्या ओळीच्या जागी नेलं आणि सरकवलं. थांबली. पुन्हा सुरुवातीला गेली. मग खाली, मग पान उलटं करून मागच्या बाजूने.

"अगं वाच ना," मी म्हटलं. "घाबरतेस कशाला? वडीलच आहेत."

तिचं बोट पुन्हा पहिल्या ओळीच्या जागी गेलं. मी चिडले. "चार दिवस खपलीस ना? मग आता काय झालं?"

"बाई," ती इतकंच म्हणाली, "हे कोरं आहे."

"कोरं कसं असेल? मला दिसतंय की सगळं!"

हे बोलून गेले, आणि मग कळलं. पान मी तिच्या हातून घेतलं आणि पहिल्यांदाच त्यावर नुसतं बोट फिरवलं. काचेवर फिरवावं तसं बोट घसरलं. गरम रुळांनी सगळी टिंबं दाबून सपाट केली होती. डोळ्यांना त्यांच्या खुणा दिसत होत्या, हाताला काहीच लागत नव्हतं.

वडिलांनी हात पुढे केला. मी पान दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. न बघता रेशमातला तुटलेला धागा शोधणारा तो अंगठा. "मॅडम," ते म्हणाले, "यावर कायबी नाय." आवाजात जिंकल्याचा सूर अजिबात नव्हता, उलट वाईट वाटल्याचा होता. मुलीला म्हणाले, "बेटी, पाठ असंल तर म्हण. मी ऐकतो."

"पाठ नाही केलं, अब्बा," ती म्हणाली. "बाई नको म्हणाल्या होत्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान मी घालवलं होतं, आणि पान गेलं तरी तिचं निभलं असतं, तीही वाट मीच बंद केली होती. मी अडखळत वडिलांना सगळं सांगितलं, झेरॉक्सवाला, प्लास्टिक, यंत्र, सगळं. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं.

"गरम केलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मॅडम, जरीच्या पदरावर कुणी अशी कडक इस्त्री फिरवतं का?" ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, की शिकलेल्या बाईला इतकंही कसं कळलं नाही. पण माझं ऐकूनही पोरगी वाचते हे काही त्यांना दिसलं नव्हतंच. त्यांनी पिशवी उचलली. बसची वेळ होत आली होती.

"अब्बा, पाँच मिनट रुको," मुलगी म्हणाली. ती उठली, कपाटातून पाटी, टोच्या आणि कोरा कागद घेऊन आली. "तुम्ही मला काहीही सांगा. मी इंग्रजीत लिहिते. मग माझ्या मैत्रिणीला बोलावू, ती आत्ता स्वयंपाकघरात तांदूळ निवडतेय. ती वाचेल. तिला काय माहीत तुम्ही काय सांगितलं ते?"

वडिलांनी थोडा विचार केला. मग माझ्याकडे बघून जरा संकोचून म्हणाले, "मॅडम, तुमीबी बाहेर थांबा."

इतकी वर्षं मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. त्या दिवशी मी उभी राहिले. आतून वडिलांचा पुटपुटण्याचा आवाज आला, मग टोच्याचा टक टक आवाज सुरू झाला. तो थांबेल असं वाटलं, पण थांबला नाही, बराच वेळ चालू राहिला. मी तिथे उभी राहून देवाला नवस बोलायचाच तेवढा बाकी ठेवला होता.

मग मैत्रिणीला बोलावलं. ही सुरगाण्याकडची, अबोल मुलगी, हाताला तांदळाची पांढरी भुकटी. तिने हात ओढणीला पुसले, कागद घेतला आणि एकेक शब्द वाचला. "माय फादर सेज, इनफ स्टडी. कम होम. इन सिटी नोबडी विल होल्ड युवर हँड."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं, "माझे वडील म्हणतात, शिक्षण पुरे झालं, घरी चल. शहरात तुझा हात कोण धरणार?"

ते सावरून बसले. "हेच बोललो मी," ते म्हणाले. "असंच."

"अजून आहे," मैत्रीण म्हणाली, आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. "हिअर ऑल्सो नोबडी होल्ड्स माय हँड. आय वॉक. आय विल कम फॉर ईद. देन आय विल कम बॅक."

मी सांगितलं. इथेही माझा हात कुणी धरत नाही. मी चालते. ईदला मी घरी येईन. मग परत येईन.

"हे मी नव्हतं सांगितलं," वडील म्हणाले.

"नाही," मुलगी म्हणाली. "हे माझं आहे, अब्बा."

मला वाटलं, आता ते पेन उचलतील. त्यांनी संमतीपत्र उचललं, सही न करताच नीट पिशवीत ठेवलं, आणि मुलीला म्हणाले, "ईद को आ. फिर देखेंगे." तो टोचलेला कागदही त्यांनी मागून घेतला. घडी घातली नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून, पैठणी नेतात तसा, आडवा धरून नेला.

बकरी ईद दहा-बारा दिवसांवर होती. तिचा मोठा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. ती जाताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे बाई, तुमचं लक्ष डोळ्यांतच असतं." टोचून म्हणाली नाही, पण टोचलं. ते दिवस मी घरात इतकी शांत होते की नवऱ्याने विचारलं, बरं नाही का. तिला परत पाठवतील की नाही, एवढाच एक विचार. पाठवलं नाही तर त्याला जबाबदार कोण हे मला ठाऊक होतं.

ईद झाली. त्यानंतरच्या सोमवारी मी वर्गावर गेले तर ऑफिसबाहेरच्या बाकावर वडील बसलेले, शेजारी ती. वडिलांच्या हातात संमतीपत्र. सहीची जागा अजून कोरीच.

"हिच्या आईनं तो कागद तीनदा वाचून घेतला," ते म्हणाले. "शेजारच्या बायकांनाबी ऐकवला. पण मॅडम, त्या दिवशीचं पयलं पान ऐकायचं राहिलं. ते घराचं. ते ऐकतो, मग बोलू."

ते पान माझ्या पिशवीतच होतं. फेकायचा धीर झाला नव्हता. पण आता ते वाचू शकणारी वसतिगृहात मी एकटीच होते. मी खिडकीशी गेले, पान तिरकं धरलं. मुलीने पाटीत कागद अडकवला. मी तिचंच लिहिलेलं तिला वाचून दाखवत गेले आणि ती टोचत गेली. मधे एके ठिकाणी एक शब्द कमी होता, माझ्या जिभेवर आला, पण मी गिळला. तिने जसं लिहिलं होतं तसंच सांगितलं.

लिहून झाल्यावर तिने कागद उलटला आणि वडिलांचा हात धरून तो कागदावर ठेवला, टिंबं आधी त्यांना लागावीत म्हणून. त्यांचा अंगठा एका ओळीवरून हळूहळू गेला. मग त्यांनी हात काढून घेतला आणि ती वाचायला लागली. एक ओळ ती वाचायची, मी मराठीत सांगायचे. माझं घर छोटं आहे. घरात दोन मागांचा आवाज असतो. आवाज थांबला की मला कळतं, अब्बा दमले. आई कांड्या भरते. भाऊ धागा जोडतो. मधेच वडिलांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, "ते आवाजाचं परत." तिचं बोट मागे गेलं, शोधलं, तीच ओळ तिने पुन्हा वाचली. मग शेवटची.

"इन माय हाउस एव्हरीबडी वर्क्स विथ हँड्स. आय ऑल्सो हॅव टू हँड्स."

मी मराठीत सांगितलं. आमच्या घरात सगळे हातांनी काम करतात. मलाही दोन हात आहेत.

वडिलांनी पेन मागितला. संमतीपत्र गुडघ्यावर ठेवून, ओठ मिटून, त्यांनी सावकाश सही केली. मग मुलीच्या मांडीवरचा तो नवा कागद उचलला, दोन्ही तळहातांवर आडवा धरला आणि माझ्यापुढे केला.

"ठेवा जपून," ते म्हणाले. "पण मॅडम, याला इस्त्री करू नका."